एल-८३८४१७ : चिकटते सगळीकडे, बोलते निवडक ठिकाणी

प्रश्न फोंड्याहून एम.फार्म. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा : एल-८३८४१७ हे प्रयोगशाळेतले संयुग गाबा-ए रिसेप्टरच्या (मेंदूला शांत करणारे गाबा हे रसायन पेशीवर जिथे बसते त्या जागेच्या) अल्फा-१, २, ३ आणि ५ या चारही प्रकारांना जवळजवळ सारख्याच ओढीने चिकटते. मग त्याला अल्फा-१ वगळणारे का म्हणतात आणि त्याने गुंगी का येत नाही? ते एवढे चांगले असेल तर इतक्या वर्षांत औषधाच्या दुकानात का आले नाही? आणि जाता जाता, म्हापशाची मावशी बरीच वर्षे रोज रात्री अल्प्राझोलाम (भीती आणि झोपेसाठी देतात ती गोळी) घेते, तिच्यासाठी हे कुठून मागवता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो : मागवू नका. कारणे पुढे येतील, पण तोवर कुणी ऑनलाइन मागणी नोंदवू नये म्हणून वरच लिहिले.

पहिला प्रश्न पडला याचा मला मनापासून आनंद झाला. अफिनिटी (रिसेप्टरला चिकटण्याची ओढ) आणि एफिकसी (चिकटल्यावर परिणाम घडवण्याची ताकद) यांच्या व्याख्या परीक्षेत सगळेच बरोबर लिहितात. प्रत्यक्ष आकडे समोर आले की मात्र भले भले लोक ‘जास्त चिकटते म्हणजे जास्त परिणाम करते’ असे धरून चालतात. या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत हे एल-८३८४१७ इतक्या स्वच्छपणे दाखवते की मी वर्गात डायझेपाम संपले की लगेच हेच संयुग फळ्यावर घेत असे.

गाबा-ए रिसेप्टर पाच सबयुनिटांचा बनतो. माणसात असे १९ सबयुनिट आहेत, पण मेंदूत बहुतेक ठिकाणी दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गॅमा अशी जुळणी आढळते. पाचांच्या मधोमध क्लोराइडची वाट असते. गाबा बसतो बीटा आणि अल्फाच्या सांध्यात, अशा जागा दोन. डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही बेन्झोडायझेपिन गटातली मंडळी बसतात अल्फा आणि गॅमाच्या सांध्यात, ती जागा एकच. म्हणजे बेन्झोडायझेपिन गाबाची जागा घेत नाही आणि स्वतःहून वाटही उघडत नाही. गाबा आला की वाट जास्त वेळा उघडते, एवढेच ते करते. खाजन शेतीच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या) बांधातली मानस, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, पाहिली असेल तर हे चटकन कळेल : ओहोटीला फळी उघडते ती आतल्या पाण्याच्या रेट्याने, आणि बेन्झोडायझेपिनचे काम बिजागरी सैल करण्याचे आहे, फळी ढकलण्याचे नव्हे. बार्बिट्युरेटांचे, म्हणजे झोपेच्या जुन्या औषधांचे, तसे नाही. ती वाट जास्त वेळ उघडी ठेवतात आणि मात्रा मोठी असली तर गाबा नसतानाही उघडतात. नुसत्या डायझेपामच्या अतिमात्रेतून रुग्ण बहुधा वाचतो आणि बार्बिट्युरेटच्या अतिमात्रेत श्वास थांबतो, त्याचे मूळ इथे आहे. ‘नुसत्या’ हा शब्द लक्षात ठेवा, फेणीचा विषय येईल तेव्हा तो लागेल.

आता अल्फा. क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली बाजारात आले, डायझेपाम १९६३ साली, आणि ही औषधे मेंदूत नेमकी कुठे बसतात ते १९७७ मध्ये कळले. तरीही भीती कमी होणे, झोप येणे, स्नायू सैल पडणे, आठवण पुसट होणे आणि झटके थांबणे हे सगळे एकाच गोळीत का येते, याचा उलगडा झाला नव्हता. तो केला उंदरांच्या जनुकात मुद्दाम घडवलेल्या एका लहानशा बदलाने. अल्फा-१ मध्ये १०१ व्या जागी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल असते. त्या जागी आर्जिनिन आणले तर डायझेपाम तिथे बसू शकत नाही, गाबाचे काम मात्र पूर्वीसारखे चालू राहते. निसर्गाने हाच बदल अल्फा-४ आणि अल्फा-६ मध्ये करून ठेवला आहे, म्हणून ते डायझेपामला दाद देत नाहीत. झुरिकच्या हान्स म्योलर यांच्या गटाने असे उंदीर तयार करून १९९९ मध्ये दाखवले की अल्फा-१ बदललेल्या उंदरांना डायझेपामने गुंगी येत नाही आणि त्यांची आठवणही पूर्वीसारखी पुसली जात नाही, पण त्यांची भीती कमी होते. पुढच्याच वर्षी भीतीची बाजू मुख्यतः अल्फा-२ कडे असल्याचे दिसले. अल्फा-५ हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात दाट असतो आणि स्मरणाशी बांधलेला आहे.

याच सुमारास, २००० साली, इंग्लंडमध्ये हार्लो इथल्या मर्क शार्प अँड डोम या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून एल-८३८४१७ पुढे आले. रचनेने ते बेन्झोडायझेपिन नाही, ट्रायाझोलोपिरिडाझिन आहे, पण बसते बेन्झोडायझेपिनच्याच जागेवर. ओढ म्हणाल तर अल्फा-१, २ आणि ३ वर के-आय (ओढीचे माप, आकडा जितका लहान तितकी ओढ जास्त) एक नॅनोमोलरच्या आतबाहेर, अल्फा-५ वर थोडी सैल. म्हणजे बसण्याच्या बाबतीत निवड जवळजवळ शून्य. फरक पडतो बसल्यानंतर. अल्फा-२, ३ आणि ५ वर ते गाबाचा परिणाम वाढवते, पण पूर्ण डायझेपामइतका नाही, काही अंशानेच. अल्फा-१ वर ते जागा धरून बसते आणि काहीही करत नाही. त्याला अल्फा-१ वगळणारे म्हणतात ते या अर्थाने. साहित्यात ‘निवडक’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरतात, त्यामुळे तुमचा गोंधळ झाला असेल तर त्यात तुमची चूक नाही. निवड दोन प्रकारे साधता येते, बसण्यात किंवा बोलण्यात. झोल्पिडेम पहिल्या प्रकारचे : ते अल्फा-१ ला जास्त ओढीने चिकटते आणि म्हणून झोपेचे औषध आहे. एल-८३८४१७ दुसऱ्या प्रकारचे.

यातून निघणारी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. अल्फा-१ वर गप्प बसणारे संयुग तिथे दुसऱ्या कुणालाही बसू देत नाही. त्या एका प्रकारापुरते ते फ्लुमाझेनिलसारखे, म्हणजे बेन्झोडायझेपिनच्या उताऱ्यासारखे, वागते. म्हणून प्रबंधात प्राण्यांचे गट आखताना वाहक द्रव (औषध नसलेले नुसते द्रावण), डायझेपाम आणि एल-८३८४१७ एवढ्यावर थांबू नका. एल-८३८४१७ देऊन त्यावर डायझेपाम दिलेला गट ठेवा. संयुग सांगितल्याप्रमाणे वागत असेल तर रोटारॉडवर, म्हणजे तोल तपासायच्या फिरत्या दांड्यावर, डायझेपामचा प्राणी पडेल आणि दोन्ही मिळालेला प्राणी बराच तग धरेल. नुसते ‘गुंगी आली नाही’ हे निरीक्षण दुबळे आहे, कारण औषध मेंदूत पोचलेच नसेल तरीही गुंगी येत नाही. डायझेपामची गुंगी अडली, तर मात्र संयुग तिथे पोचले आणि जागा धरून आहे असा भक्कम पुरावा हातात येतो.

पोचण्याचा मुद्दा उगाच काढला नाही. हे संयुग उंदीरवर्गात सगळीकडे सारखे वागत नाही. मोठ्या उंदरात, म्हणजे रॅटमध्ये, तोंडाने दिलेले चांगले शोषले जाते. माऊसमध्ये तोंडाने दिलेले जवळजवळ रक्तात येतच नाही. जनुक बदललेले प्राणी बहुधा माऊस असतात आणि वर्तनाचे जुने प्रयोग रॅटवरचे, त्यामुळे एका शोधनिबंधातली मात्रा दुसऱ्या प्राण्याला जशीच्या तशी लावली तर निकाल कोरा येतो. माऊस वापरणार असाल तर पोटाच्या पोकळीत इंजेक्शन द्या आणि जमल्यास रक्तातली पातळी मोजून घ्या. आणखी एक : एलिव्हेटेड प्लस मेझमध्ये (भीती मोजायच्या उंचावरच्या अधिक-चिन्हाकृती मंचावर) उघड्या फांदीवरचा वेळ मोजताना एकूण हालचालही लिहा. गुंगीतला प्राणी कोपऱ्यात बसून राहतो आणि आपण त्याला घाबरट ठरवून मोकळे होतो.

एफिकसीचे आकडे वाचताना पद्धतीचा परिच्छेद आधी वाचा. ‘चाळीस टक्के’ असे लिहिलेले असते, पण ते कशाच्या? काही ठिकाणी गाबाचा मूळ प्रवाह किती टक्क्यांनी वाढला ते सांगतात, काही ठिकाणी डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडला शंभर धरून तुलना करतात. गाबा किती घातला होता यावरही आकडा बदलतो. सहसा कमाल परिणामाच्या पाचव्या हिश्शाइतका परिणाम देणारी गाबाची तीव्रता घेतात. गाबा भरपूर असेल तर वाढवायला उरते काय? दोन निबंधांतले आकडे शेजारी ठेवून ‘हे संयुग त्यापेक्षा सरस’ असा निष्कर्ष काढलेले प्रबंध मी पुष्कळ तपासले आहेत आणि दर वेळी हीच दोन खाती तपासायला सांगितली आहेत.

आणि अल्फा-५ विसरू नका. हे संयुग तिथेही काम करते. गुंगी नाही म्हणजे स्मरणावर काहीच परिणाम नाही, असे गृहीत धरता येत नाही. डायझेपामच्या गुंगीची सवय होऊन ती ओसरते, त्या प्रक्रियेतही अल्फा-५ चा हात असल्याचे माऊसमध्ये दिसले आहे. मला स्वतःला या संयुगातला सर्वात मोलाचा भाग भीतीचा वाटत नाही, वेदनेचा वाटतो. २००८ मध्ये झुरिकच्याच झाइलहोफर यांच्या गटाने दाखवले की मज्जारज्जूतले अल्फा-२ आणि अल्फा-३ जागे केले तर नस दुखावल्यामुळे किंवा सुजेमुळे वाढलेली वेदना उतरते. एल-८३८४१७ ने रॅटमध्ये ते साधले, गुंगी न आणता, आणि पुन्हा पुन्हा देऊनही परिणाम घटला नाही. मधुमेहाने पायाची आग होणारे रुग्ण ज्यांनी बाह्यरुग्ण विभागात रोज पाहिले आहेत, त्यांना या एका निकालाचे वजन कळेल.

मग ते दुकानात का नाही? एल-८३८४१७ मुळात औषध म्हणून पुढे न्यायच्या लायकीचे नव्हते. शरीरातले त्याचे वागणे त्याला परवडणारे नव्हते. ते साधन होते, एक कल्पना खरी आहे का ते तपासण्याचे. कल्पना खरी निघाली आणि तिची भावंडे माणसापर्यंत गेली. त्यांची कहाणी मात्र शिकण्यासारखी आहे.

एमआरके-४०९ हे त्यातले एक. प्राण्यांत, अगदी माकडांतही, त्याने भीती घटवली आणि गुंगी आणली नाही. माणसात मात्र अगदी लहान मात्रेला, पेट स्कॅनवर (औषधाने मेंदूतल्या किती जागा धरल्या ते दाखवणाऱ्या तपासणीत) रिसेप्टरचा ताबा नीट मोजताही येणार नाही अशा पातळीला, लोक पेंगू लागले. त्याची अल्फा-१ वरची एफिकसी कमी होती, पण शून्य नव्हती. माणसाचा मेंदू तेवढ्यालाही दाद देतो, हे प्राण्यांनी सांगितले नव्हते. दुसरे टीपीए०२३. त्याची अल्फा-१ वर एफिकसी जवळजवळ नव्हतीच, आणि ते माणसात निम्म्याहून अधिक रिसेप्टर व्यापूनही ठळक गुंगी आणत नव्हते. म्हणजे तत्त्व माणसातही टिकले. पण दीर्घकाळ औषध दिलेल्या प्राण्यांत मोतीबिंदू दिसला आणि काम थांबले. मोतीबिंदूचा गाबाशी संबंध जोडायचे कारण नाही. विशिष्ट रेणूचा तो दोष असू शकतो. कल्पना बरोबर असूनही रेणू पडतो, आणि औषधनिर्मितीत असे सारखे घडते. आज या घराण्यातला ठळक रेणू डॅरिगाबॅट. फायझरने तो पीएफ-०६३७२८६५ या क्रमांकाने सुरू केला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, लुकलुकत्या प्रकाशाने मेंदूत अपस्माराची विद्युतलक्षणे उमटणाऱ्या ७ जणांमध्ये, त्याने ती लक्षणे लोराझेपामइतकी दाबली. म्हणजे या घराण्याची वाट आता भीतीपेक्षा अपस्माराकडे जास्त वळली आहे.

भीतीवरच्या औषधाची चाचणी अवघड असते याचे आणखी एक कारण आहे, आणि ते गोव्याच्या माणसाला पणजीत रस्त्यावर उभे राहून दिसते. जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियांचा पुतळा पाहा. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा पाद्री पॅरिसमध्ये जाऊन सांगत होता की झोप आणणारी शक्ती करणाऱ्याच्या हातातून वाहत नाही, ती समोरच्याच्या मनात, त्याच्या अपेक्षेत असते. चिंताविकाराच्या चाचणीत साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खरोखर बरे वाटते. अशा वेळी गुंगी न आणणारे औषध एका विचित्र अडचणीत सापडते : रुग्णाला ‘काहीतरी घेतल्याचे’ जाणवतच नाही. डायझेपामची पेंग रुग्णाला गोळी खरी असल्याचे सांगते, आणि तेवढ्याने अपेक्षेचा हातभार लागतो. हे माझे मत आहे, पण वॉर्डात रुग्णांशी बोलून बनलेले आहे.

आता मावशी. प्रेमापोटी विचारलेत हे कळते, म्हणून स्पष्ट सांगतो. रसायने विकणाऱ्या कंपन्या एल-८३८४१७ ठेवतात ते प्रयोगशाळेसाठी. त्यात माणसाच्या पोटात जाण्याची कुठलीही शुद्धता तपासलेली नसते आणि माणसातली सुरक्षित मात्रा कुणी ठरवलेली नाही. ओळखीच्या नसलेल्या संकेतस्थळावरून याच क्रमांकाची पावडर आली, तर पुडीत तेच आहे की मायक्रोग्रॅममध्ये काम करणारे एखादे चोरटे बेन्झोडायझेपिन आहे, हे चव किंवा रंग पाहून कळत नाही. किनाऱ्यालगतच्या पार्ट्यांत फिरणाऱ्या पुड्यांबाबतही मी तरुणांना हेच सांगत आलो.

पण समजा पावडर शंभर टक्के शुद्ध आहे. तरीही मावशीसाठी ती धोक्याची आहे, आणि याचे कारण वर आलेच आहे. वर्षानुवर्षे अल्प्राझोलाम घेतलेल्या मेंदूने स्वतःला त्याप्रमाणे लावून घेतलेले असते : गाबाची बाजू उणी, ग्लुटामेटची (मेंदूला चेतवणाऱ्या रसायनाची) बाजू चढी. अशा मेंदूत अल्फा-१ वर गप्प बसणारे काही शिरले तर ते अल्प्राझोलामला त्या जागेवरून हुसकावेल आणि बदल्यात काही देणार नाही. अवलंबून असलेल्या रुग्णाला फ्लुमाझेनिल दिले तर झटके येऊ शकतात, हे आपत्कालीन विभागातल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत असते. डायझेपामच्या झटके रोखणाऱ्या परिणामातही अल्फा-१ चा वाटा आहे. एल-८३८४१७ ने मावशीला नेमके काय होईल हे कुणी तपासलेले नाही, पण औषधशास्त्र ज्या दिशेला बोट दाखवते ती दिशा चांगली नाही. जास्त सुरक्षित म्हणून शोधलेली गोष्टच या एका रुग्णात जास्त धोकादायक ठरू शकते.

दारू सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापत, घामाघूम होऊन, नसलेली माणसे पाहत वॉर्डात येणारे रुग्ण गोव्यात शिकलेल्या प्रत्येक डॉक्टरने पाहिले आहेत. त्यांना क्लोरडायझेपॉक्साइड देतात, यकृत खराब असेल तर लोराझेपाम, आणि मात्रा हळूहळू उतरवतात. दारू आणि बेन्झोडायझेपिन दोन्ही गाबा-ए वर काम करतात, म्हणून एकाची जागा दुसरे तात्पुरती भरून काढते. अल्प्राझोलाम एकदम बंद केल्यावर मेंदूत जे घडते ते याच जातीचे असते. त्याचे अर्धायुष्य (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) ११ तासांच्या आसपास, म्हणजे लहान, त्यामुळे गोळी चुकली की दुसऱ्याच दिवशी धडधड आणि बेचैनी जाणवते. रुग्णाला वाटते जुना आजार उलटला, आणि तो आणखी एक गोळी घेतो.

तेव्हा मावशीची गोळी काढून लपवू नका. तिला बांबोळीच्या मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा तुमच्या ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा. मात्रा काही आठवड्यांत, बऱ्याचदा महिन्यांत, टप्प्याटप्प्याने उतरते. कधी आधी डायझेपामवर आणून मग उतरवतात, कारण ते रक्तात जास्त काळ टिकते. शेवटचे छोटे टप्पे सर्वात कठीण जातात, तिथे घाई नको. सोबत झोपेसाठीची वर्तन-उपचार पद्धती सुरू केली तर यश जास्त मिळते. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत, आहे, औषधविक्रेत्याला चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही आणि वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. म्हापशात ओळखीवर मिळत असेल तर ते मिळणेच थांबवा, म्हणजे डॉक्टरच्या हिशेबाबाहेरची गोळी घरात राहणार नाही.

उतरणीच्या काळात दोन गोष्टी सांभाळा. फेणी किंवा हुर्राक (काजूची हलकी दारू) आणि ही गोळी एका रात्री नकोत, अगदी घोटभरही. नुसत्या बेन्झोडायझेपिनला जी मर्यादा आहे, ती दारू सोबत आली की राहत नाही आणि झोपेतच श्वास मंदावतो. दुसरे, पावसाळ्यात नायट्यासाठी सर्रास लिहून दिले जाणारे इट्राकोनाझोल हे बुरशीवरचे औषध. यकृतातले जे एन्झाइम अल्प्राझोलामचा निचरा करते, त्यालाच ते अडवते, त्यामुळे तीच गोळी रक्तात कितीतरी जास्त साचते. त्वचेच्या डॉक्टरला रात्रीच्या गोळीचा पत्ता नसतो आणि मनोविकारतज्ज्ञाला नायट्याचा. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवून दोघांनाही दाखवा.